पहिल्या मीटिंगला त्यांना एकटं पाठवू नका

पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिस्टर ४१ वर्षांचे, अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. फिट आली म्हणून नऊ दिवस दवाखान्यात होते. घरी येऊन दोन आठवडे झाले, पिणं बंद आहे. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी शेवटी ‘ए.ए. ग्रुप’ एवढे दोनच शब्द लिहिलेत. (ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांना साथ द्यायची संघटना.) असा ग्रुप नाशकात शोधायचा कसा? तिथे नेमकं करतात काय? कंपनीतलं कोणी भेटलं तर? सासूबाई म्हणतात माळ घाल, मग ग्रुप कशाला? आणि सहावीतला मुलगा विचारेल तेव्हा त्याला काय सांगायचं?

ताई, तुमच्या डॉक्टरांनी केलं तेच एकेकाळी मीही करत होतो, म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

मी समुपदेशक आहे, या कामात बावीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात नाशिकरोडचे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. पन्नाशीचे, सरळमार्गी, बोलायला कमी, रोजची एक क्वार्टर. उपचार झाले, तब्येत सुधारली. मी त्यांना चिठ्ठीवर ए.ए.ची मीटिंग भरते त्या शाळेचं नाव, वार आणि वेळ लिहून दिली आणि माझं काम झालं असं समजलो. महिन्याभराने ते पिऊनच आले, तेव्हा काय घडलं ते कळलं. गृहस्थ वेळेवर गेले होते. शाळेचं फाटक अर्धं उघडं, आवारात अंधार, लांबच्या एका वर्गात तेवढी ट्यूबलाइट. त्यांनी स्कूटर स्टँडला लावलीच नाही. शाळेला एक चक्कर मारली. मग दुसरी. तिसऱ्या चकरेला आतून हसण्याचा आवाज आला आणि त्यांना वाटलं, गेलो तर हे आपल्यालाच हसतील. तिथून निघाले ते थेट नेहमीच्या बारवर. मला म्हणाले, “सर, आत जायची हिंमत आली, पण ती पिऊन आली. मग कुठल्या तोंडाने जाणार?”

तेव्हापासून मी कोणाच्या हातात नुसता पत्ता ठेवत नाही. सोबत माणूस देतो. तुम्हालाही तेच सुचवणार आहे: ग्रुप शोधण्याआधी ग्रुपमधला एक माणूस शोधा.

तो सापडणं वाटतं तितकं अवघड नाही. तुमचे मिस्टर ज्या दवाखान्यात होते तिथल्याच वॉर्डच्या सिस्टरना किंवा समाजसेवा अधीक्षकांना विचारा, “तुमच्याकडे ए.ए.ची माणसं येतात का?” दारूच्या पेशंटना भेटायला दवाखान्यांत जाणं हे ए.ए.वाले स्वतःच्या औषधाचा भाग समजतात. दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या बारा पायऱ्यांतली शेवटची पायरीच मुळी दुसऱ्यापर्यंत पोचण्याची आहे. दवाखान्यात नाही जमलं तर ए.ए.चं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्या वेबसाइटवरून तुमच्या भागाचा संपर्क मिळतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत, जवळची केंद्रं तिथून कळतात. रात्री-अपरात्री तुमचाच धीर सुटला तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. शिवाय डोळे उघडे ठेवून फिरलात तर शाळेच्या भिंतीवर, चर्चच्या आवारात, बसस्टॉपवर एखादी छोटी पाटी दिसेल: प्यायची असेल तर तो तुमचा प्रश्न, सोडायची असेल तर आमचा, अशा अर्थाची. इतकी वर्षं ती तिथेच होती, आपली नजर जात नाही एवढंच.

मी इथे मीटिंगचे पत्ते देत नाही, त्याला कारण आहे. या मीटिंगा शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात भरतात. परीक्षा आल्या, सुट्ट्या लागल्या, निवडणुकीसाठी शाळा ताब्यात गेली की जागा बदलते. गेल्या वर्षीची यादी घेऊन कोणी कुलूपबंद फाटकासमोर उभा राहिला, तर दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून फोन करून तीनच गोष्टी विचारा. या आठवड्याची मीटिंग कुठे आणि किती वाजता? ती ओपन (घरच्यांनाही बसता येईल अशी) आहे की क्लोज्ड (फक्त सोडू इच्छिणाऱ्यांची)? आणि अंबड-सिडकोकडचं कोणी आहे का, जे आमच्या मिस्टरांना सोबत घेऊन जाईल? या तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणणारा ग्रुप मी तरी पाहिलेला नाही. बहुतेकदा दोघं जण घरीच येतात. चहा घेतात, उपदेश करत नाहीत, स्वतःचीच कहाणी सांगतात. फक्त एक करा. फोन तुम्ही लावलात तरी पुढचं बोलणं त्यांना करू द्या. तुमच्या सांगण्यावरून आलेल्या माणसापेक्षा दोन शब्द स्वतः बोललेला माणूस तिथे जास्त टिकतो.

या पद्धतीची सुरुवातही फोनवरूनच झाली होती. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल हॉटेलात अडकून पडला होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले आणि लॉबीला लागूनच बार. त्याने बारकडे न जाता फोन उचलला, चर्चवाल्यांना फोन लावत गेला आणि एकच विचारत राहिला: या गावात एखादा दारुडा आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल? शेवटी गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. त्या सर्जनने १० जून १९३५ ला शेवटचा घोट घेतला, ए.ए. तोच आपला जन्मदिवस मानते. १९५७ पासून ती भारतात आहे. मला यात महत्त्वाचं हे वाटतं, की बिलला त्या संध्याकाळी डॉक्टर नको होता, आपल्यासारखाच कोणीतरी हवा होता. तुमच्या मिस्टरांना तुम्ही, सासूबाई, डॉक्टर आणि मी मिळून जे देऊ शकत नाही ते हेच.

आता आत काय होतं ते. मुलांचे बाक, फळ्यावर दुपारच्या तासाचं गणित अर्धं पुसलेलं, समोर टेबलावर कापडी बॅनर. दहा माणसं असतील किंवा तीस. कुठे आधार कार्ड मागत नाहीत, हजेरीपट नाही, फी नाही. ज्याच्याकडे त्या दिवशीचं चेअर असतं तो मीटिंग सुरू करतो. अजूनही बाहेर पीत असलेल्यांसाठी क्षणभर शांतता, मग एक छोटी प्रार्थना: जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती दे, जे बदलता येईल ते बदलायचं धैर्य दे, आणि दोन्हीतला फरक ओळखायची बुद्धी दे. मग एकेक जण उठतो. “मी अमुक, मद्यपाशी.” सगळे त्याला नमस्कार करतात. तो पाच-दहा मिनिटं बोलतो आणि बसतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, नंतर सल्ला देत नाही, ‘तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य तिथे चालत नाही. आपल्या मराठी घरात हे किती दुर्मिळ आहे, विचार करा. घरात तुमचे मिस्टर तोंड उघडतात तेव्हा तुम्ही किंवा सासूबाई किती सेकंदांत बोलायला लागता, एकदा घड्याळ लावून बघा. (तुम्हाला दोष देत नाही. इतकं सोसल्यावर कोणीही बोलेल.)

नवीन माणसाला बोलायची सक्ती नसते. “आज फक्त ऐकायला आलोय” म्हटलं की पुरे. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला वाटेल तो दहा-वीस रुपये टाकतो, नवीन माणसाने नाही टाकले तरी कोणी बघत नाही. भाडं, चहा, पुस्तकं यावर ते पैसे जातात. बाहेरच्या देणग्या ए.ए. घेत नाही, तसा त्यांचा नियमच आहे. सदस्य व्हायला अट एकच: दारू सोडायची इच्छा. सोडलेली असायला हवी असंही नाही.

एवढं सगळं सांगून झालं, पण माझ्या मते मीटिंगचा खरा गाभा त्या दीड तासात नसतोच. तो असतो आधीच्या आणि नंतरच्या पंधरा मिनिटांत. बाक सरकवताना, कपबशा विसळताना, गाडीला किक मारताना. तिथेच कोणीतरी हळूच विचारतं, “झोप लागते का रे?” तिथेच नंबर दिले-घेतले जातात. जो माणूस बरोबर सहाला येऊन साडेसातला निघून जातो, त्याने मीटिंग ‘अटेंड’ केली, पण त्याच्या मोबाइलमध्ये एकही नंबर नाही. पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटबाहेर मित्र थांबलेले असतात, तेव्हा त्याला आठवायला भाषणं असतात, फोन लावायला कोणी नसतं. म्हणून मी माझ्या पेशंटना एकच गृहपाठ देतो. पहिल्या मीटिंगमधून तीन नंबर घेऊन या आणि आठवड्याभरात त्या तिघांना, काही काम नसताना, एकेक फोन करा. “सहज केला” एवढंच म्हणायचं. संकटात फोन लावायचा असेल तर आधी सहज लावायची सवय पाहिजे. पुढे त्यातलाच एखादा जुना माणूस त्यांचा स्पॉन्सर होतो. स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा नव्हे, पायऱ्यांवरून सोबत चालणारा. हे नातं जुळायला दोन-तीन महिने लागतात, घाई करू नये.

पहिली मीटिंग आवडणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. दहातले आठ जण घरी येऊन म्हणतात, “ती माणसं माझ्यासारखी नाहीत. कोणी रस्त्यावर पडायचं, कोणी बायकोचं मंगळसूत्र विकलं. मी कधी एक दिवस दांडी मारली नाही.” हे खरंही असेल. त्यांना एवढंच सांगा, पुढच्या वेळी काय वेगळं आहे ते न मोजता एक तरी गोष्ट सारखी सापडते का बघा. बाटली कुठे लपवायची याचं डोकं चालवणं सगळ्यांचं सारखंच असतं, माळ्यावर असो की स्कूटरच्या डिकीत. सहा मीटिंगा होईपर्यंत मत बनवू नये, आणि त्या सहा एकाच जागी नसाव्यात. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा. एके ठिकाणी कामगार जास्त, दुसरीकडे रिटायर्ड मंडळी, कुठे हिंदी-इंग्रजी चालते, कुठे शुद्ध गावाकडची मराठी. एकाशी सूर जुळला नाही म्हणून ए.ए. वाईट ठरत नाही. शिफ्टचं म्हणाल, तर फर्स्टला संध्याकाळची मीटिंग सहज जमते, थर्डला झोप मोडून जावं लागतं, सेकंडच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवसाची धरावी. त्या आठवड्यात अधेमधे मोबाइलवरची ऑनलाइन मीटिंग चालेल, पण पहिले तीन महिने नुसत्या ऑनलाइनवर राहू नका. कपबशा विसळायला तिथे कोणी नसतं. जुने सदस्य ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग’ म्हणतात. शिफ्टवाल्याला ते झेपत नाही. आठवड्याला तीन झाल्या तरी मी खूश असतो.

कंपनीतलं कोणी भेटलं तर? नाशिक तसं गावच आहे, कॉलेज रोडवर शिंकलं तर पंचवटीत ऐकू जातं. भेटेलच कोणीतरी. पण तो तिथे मिसळ खायला आलेला नसेल. माझ्या माहितीत एका कारखान्यातले सुपरवायझर आणि त्यांच्याच हाताखालचा ऑपरेटर एकाच मीटिंगमध्ये समोरासमोर आले. दोघांचेही चेहरे पांढरे पडले. दुसऱ्या दिवशी शॉपफ्लोअरवर सुपरवायझर नुसते म्हणाले, “काल बरं वाटलं.” आज ते एकाच गाडीवरून मीटिंगला जातात आणि कंपनीत अजूनही साहेब-कामगारच आहेत. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, हा या लोकांचा सगळ्यात कडक नियम. आणि खरं सांगू? मिस्टर पितात हे कंपनीत, सोसायटीत, किराणा दुकानात सगळ्यांना ठाऊक असतं. ते सोडतायत हेच तेवढं गुपित राहतं.

सासूबाईंच्या माळेबद्दल. मी माळेच्या विरुद्ध नाही, उलट तिचा मोठा आदर आहे. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या पौषवारीत माळ घालून पंधरा-वीस वर्षं थेंबाला न शिवलेली माणसं मी पाहिली आहेत. पण ती टिकलेली माणसं नीट बघा. कोणी दर एकादशीला भजनाला बसतो, कोणी दिंडीत चालतो, कोणाच्या घरी हरिपाठाला गावचे चार जण येतात. म्हणजे माळेच्या मागे माणसं आहेत. जो रागाच्या भरात देवळात जाऊन एकट्याने माळ घालतो आणि परत त्याच मित्रांत येतो, तो चार महिन्यांनी माळ खुंटीला टांगून बसतो. त्यावर देवाची शपथ मोडल्याचं ओझं वेगळंच, आणि ते ओझं उतरवायला पुन्हा बाटली. तेव्हा माळ घालायची असेल तर जरूर घाला, पण ग्रुपऐवजी नको, ग्रुपसोबत. ए.ए.मध्ये देवाचं नाव येतं, पण कुठल्या देवाचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, ‘आपल्याला उमगलेला’ देव किंवा ‘उच्च शक्ती’ एवढंच ए.ए.वाले म्हणतात. माझे एक नास्तिक पेशंट आहेत. ते म्हणतात, त्या वर्गातली वीस माणसं माझ्यापेक्षा शहाणी आहेत, हीच माझी उच्च शक्ती. चौदा वर्षं चाललंय त्यांचं.

यातून काही होतं का, असं तुमचे मिस्टर नक्की विचारतील, यंत्रावर काम करणारा माणूस आकडा मागतोच. २०२० मध्ये वैद्यकीय अभ्यास पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांहून जास्त लोक, एकत्र करून पाहिलं. ए.ए.कडे पद्धतशीरपणे जोडून दिलेल्यांपैकी वर्षाअखेर पूर्ण कोरडे राहिलेले साधारण १०० तले ४२, इतर उपचार घेतलेल्यांत ३५. फरक आहे, जादू नाही. आणि ‘पद्धतशीरपणे जोडून देणं’ म्हणजे डिस्चार्ज कार्डावर दोन शब्द लिहिणं नव्हे.

औषधांचं मात्र नीट ऐका. मीटिंगमध्ये एखादा जुना सदस्य सांगेल, “गोळ्या सोड, गोळ्या म्हणजे पण नशाच.” हे त्याचं वैयक्तिक मत आहे. ए.ए. औषधोपचारात ढवळाढवळ करत नाही. डॉक्टरांनी ओढ कमी करायची गोळी दिली असेल, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं असेल, डिप्रेशनची गोळी असेल, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. तुमच्या मिस्टरांना फिट येऊन गेली आहे. पुन्हा कधी पिणं झालंच आणि चार-आठ दिवस चाललं, तर घरी कोंडून एकदम बंद करू नका. थांबवल्यापासून पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, भास, अंगाला कापरं, ताप. यात जीव जातो. तेव्हा आधी दवाखाना, मीटिंग नंतर. दुसरं म्हणजे, ‘चहातून द्या, कळणारही नाही’ अशी पुडी तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. अशा पुड्यांत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो, हृदय कमजोर असेल तर आणखी वाईट. पेशंटला सांगून, तपासण्या करून दिलं तर ते चांगलं औषध आहे. चोरून दिलं तर विष आहे, आणि कळलं की तुमच्या हातचा चहा तो कायमचा सोडतो. तसंच, गाडी पाठवून माणूस उचलून नेतो, सहा महिने ठेवतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाच्या पेशंटचेही हक्क आहेत.

नाशकात राहून सोडण्याची आपली खास अडचण म्हणजे वाइन. आपल्याकडे द्राक्षं पिकतात, गंगापूरकडे वायनरी, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या. मग घरचेच कोणीतरी म्हणतात, “दारू नको, पण वाइन काय, फळाचा रस तो.” हिशेब साधा आहे. ३० मिलीच्या एका पेगमध्ये जेवढं अल्कोहोल, जवळपास तेवढंच १०० मिली वाइनमध्ये. आणि स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे चार पेग. शरीराला द्राक्ष, मोह, ऊस यातला फरक कळत नाही. त्याखेरीज गटारी, दिवाळीचा बोनस, पाहुण्यांकडची हळद हे दिवस आधीच कॅलेंडरवर लाल पेनने खुणावून ठेवा आणि त्या संध्याकाळी मीटिंग किंवा ग्रुपमधल्या कोणाच्या तरी घरी जेवण ठरवा. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या दगडी हौदात, उडी मारायला नाशिककराला कोण अडवणार, पण त्यांना सकाळी ग्रुपवाल्यांबरोबर जाऊ द्या, जुन्या कंपूबरोबर नको. कंपनीतून घरी येतानाचा रस्ताही बदला. पाच मिनिटं जास्त लागली तर लागू देत.

कदाचित मध्ये एकदा घसरतील. ग्रुपच्या भाषेत स्लिप. त्या दिवशी रडारड, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, माहेरी फोन, यातलं काही करू नका. ते शुद्धीत असताना एवढंच विचारा, “कोणाला फोन केला होता का?” आणि पुढच्या मीटिंगला पाठवा. लाजेने माणूस घसरल्यावर नेमकं तेच टाळतो, आणि तिथे मात्र त्याला कोणी हाकलत नाही. पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागतात, बस.

एक सावधगिरी. ए.ए.चे सदस्य साधू नव्हेत. बरे होत असलेले आजारी लोक आहेत. ग्रुपमध्ये कोणाला उसने पैसे देऊ नयेत, घेऊ नयेत, कोणाच्या स्कीममध्ये पडू नये. एखाद्या बाईला स्वतःसाठी मीटिंग हवी असेल तर आधी विचारावं की अजून कोणी महिला येतात का, आणि तिची सोबत बाईनेच करावी.

आता तुमचं. तुम्ही सगळे प्रश्न त्यांचे विचारलेत, स्वतःचा एकही नाही. पहिल्या ओपन मीटिंगला तुम्ही त्यांच्यासोबत आत बसू शकता, बसाच. क्लोज्डला नाही, तिथे फक्त सोडू इच्छिणारे. नंतर मात्र त्यांना त्यांचं जाऊ द्या. बाहेर गाडीवर बसून पहारा देऊ नका, घरी आल्यावर तोंडाचा वास घेऊ नका, ‘काय बोललास’ विचारू नका. त्या वेळात तुम्ही तुमच्या ग्रुपला जा. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१ साली त्याच बिल विल्सनच्या बायकोने, लोइसने, एका मैत्रिणीबरोबर सुरू केलेला. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही बायकांच्या गटाला फार पूर्वीपासून जागा आहे. अल-अनॉनमध्ये पहिल्या दिवशीच तीन गोष्टी सांगतात: हा आजार तुम्ही लावला नाही, तो तुमच्या ताब्यात नाही, आणि तो तुम्ही बरा करू शकत नाही. हे ऐकून हसत घरी गेलेल्या बाया मी पाहिल्यात. बारा वर्षांनी एक रात्र सलग झोपल्या, म्हणाल्या. मीटिंगची चौकशी करायला फोन कराल, तेव्हा त्याच फोनवर अल-अनॉनबद्दलही विचारा. ए.ए.वाल्यांना ते ठाऊक असतं, कारण बऱ्याच जणांच्या बायका तिथेच असतात.

राहिला मुलगा. सहावीतल्या पोराला सगळं माहीत असतं, ताई. फिट आली तेव्हा तो घरात होता का? असेल तर त्याने जे पाहिलं त्याबद्दल त्याला आधी बोलू द्या. मग सांगा, “बाबांना आजार आहे, त्याला मद्यपाश म्हणतात. औषध घेतात आणि त्याच आजाराच्या बाकीच्या लोकांना भेटायला जातात.” बाबा ओव्हरटाइमला गेलेत असं खोटं सांगू नका. खोटं बोलायची त्या घराची सवय मोडायचीच आहे, तर तिथूनच मोडू दे. शाळेत कोणाला सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोडा. आणि “बाबा आता पुन्हा पिणार नाहीत ना?” असं त्याने विचारलं, तर वचन देऊ नका. “आज प्यायले नाहीत,” एवढं सांगा. त्यांच्या मीटिंगमध्येही तेवढंच सांगतात.